सिंगापूरला न गेलेली गाडी

मी नांदेडची एक छोटी पांढरी मोटार बोलतेय. ‘पांढरी’ हा शब्द जरा मोठ्या मनाने घ्या. माझ्या उजव्या दाराला म्हशीचं शिंग लागलेलं आहे, बॉनेटवर विभूतीचे तीन पट्टे कायमचे उमटलेत आणि मागच्या काचेवर कुणाच्या तरी लग्नाच्या स्टिकरचा डिंक अजून चिकटून आहे. पण हॉर्न मात्र खणखणीत! माझा आवाज ऐकून गल्लीतल्या म्हशीसुद्धा बाजूला होतात.

कारखान्यातलं बालपण मला फारसं आठवत नाही. नांदेडला आले ती एका ट्रकवर चढून. चालण्यासाठी जन्माला आलेली मी, आणि पहिला प्रवास दुसऱ्याच्या पाठीवर बसून केला, याचं मला आजही हसू येतं. माझे पहिले मालक रामलिंग, रेल्वेच्या विभागीय कार्यालयात नोकरीला. त्यांचं माझ्यावर इतकं प्रेम, की ते मला बाहेरच काढत नसत. रविवारी गोदावरीच्या घाटापर्यंत नेत, लांबून नदी दाखवत आणि ऊन चढायच्या आत घरी आणून कापडाखाली झाकून ठेवत. सीटवरचं प्लास्टिकही त्यांनी शेवटपर्यंत काढलं नाही. उन्हाळ्यात बसलेला माणूस उठला की चर्रकन आवाज व्हायचा आणि तो माणूस माझ्याकडे रागाने बघायचा.

पुढे त्यांची बदली झाली आणि मला लातूरच्या विरूपाक्ष अप्पांनी विकत घेतलं. अप्पांची मार्केट यार्डात आडत आहे. तूर, सोयाबीन, हरभरा. त्यांचा मुलगा महांतेश तेव्हा नांदेडला इंजिनिअरिंग शिकत होता, त्याच्यासाठी ही खरेदी. महांतेशने पहिल्याच दिवशी ते प्लास्टिक टराटरा फाडून टाकलं. केवढं हायसं वाटलं मला! यासेर नावाचा त्याचा जिवलग दोस्त होता, नांदेडचाच. दोघं माझ्यावरच गाडी शिकले. म्हशीचं शिंग त्याच दिवसांतलं. चूक कुणाची यावर दोघांचा अजून वाद चालतो. म्हशीची नव्हती, एवढं मी सांगू शकते.

महांतेशचं शिक्षण संपलं आणि मी लातूरला आले. तो तोच उन्हाळा, ज्या उन्हाळ्यात लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. आंघोळीचं नाव काढायची सोय नव्हती. पण महांतेशची आई नीलम्मा सकाळी घमेल्यात तोंड धुवायची आणि त्याच पाण्यात फडकं बुडवून माझंही तोंड पुसायची. ‘‘तुजं बी तोंड, माजं बी तोंड, एकाच पाण्यात,’’ असं म्हणून हसायची. कागदोपत्री मालक कुणीही असो, त्या उन्हाळ्यापासून मी नीलम्माची झाले.

माणसांची मोठी गंमत वाटते मला. इतक्या वर्षांत माझी तब्येत कुणी विचारली नाही, पण ‘‘किती देती?’’ हे मात्र प्रत्येकाने विचारलं. पाहुणा दारात पाऊल ठेवतो, पाणी पितो आणि माझ्याकडे बोट दाखवून ॲव्हरेज विचारतो. महांतेशही दर वेळी चार किलोमीटर वाढवून सांगतो. माझी मान ताठ होते, म्हणून मीही गप्प बसते.

माझा आवडता दिवस सोमवार. सोमवारी महांतेश नीलम्माला चाकूरला तिच्या धाकट्या बहिणीकडे, सिंधुकडे घेऊन जायचा. सिंधुचे गुडघे गेलेत. एसटीची पायरी तिला चढवत नाही. म्हणून कधी नीलम्मा तिच्याकडे जायची, तर कधी मी सिंधुला लातूरला घेऊन यायचे. मागच्या सीटवर दोघी बहिणी बसल्या की चाकूरपासून लातूरपर्यंत त्यांचं तोंड बंद नसायचं. निम्म्या गप्पा मराठीत, निम्म्या कानडीत, आणि नवऱ्यांच्या तक्रारी तेवढ्या कुजबुजत. महांतेशने जरा वेग घेतला की नीलम्मा मागून म्हणायची, ‘‘हळू.’’

अशात महांतेशला सिंगापूरची नोकरी लागली.

यासेर तिथे आधीच गेला होता. घरात टीव्ही, मिक्सर आणि अप्पांचा फोन हे तिन्ही एकदम चालू असतात, म्हणून महांतेश माझ्यात येऊन बसायचा, काचा वर करायचा आणि यासेरला फोन लावायचा. तिथला कर किती, इथला किती, भाडं किती, पेट्रोल किती, असं सगळं ताडून बघणं चाललेलं. मला कान नसले तरी सगळं ऐकू येतं.

‘‘पगारावरचा टॅक्स इथं कमी हाय. त्याची फिकीर नको करू,’’ यासेर सांगत होता. ‘‘भाडं लई हाय. आन् तू गाडीचं इचारून राहिलास ना? गाडी इसर.’’

‘‘कामून? पगार तर बघ की.’’

‘‘अबे, इथं गाडी घ्यायच्या आधी गाडी ठेवायचा हक्क इकत घ्यावा लागतो. त्याचा लिलाव निघतो. कधी कधी गाडीपेक्षा हक्कच महाग जातो. वर रस्त्यावर कमानी हायेत, खालून गेलास की पैसे कटले. आन् दहा वर्षं झाली की हक्क खलास. गाडी काढून टाक, न्हाईतर पुन्हा पैसे भर.’’

दहा वर्षं! माझं तर इंजीनच गार पडलं. मी चौदा ओलांडलेली. तिथे असते तर केव्हाच माझ्या पत्र्याचे डबे झाले असते. त्या दिवसापासून सिंगापूर हे नाव काढलं की माझ्या सायलेन्सरला उचकी लागते.

महांतेशने फोन ठेवला आणि काचा खाली केल्या. बायकोला, अंजूला त्याने तिकडे लाल गाडी घेण्याचं कबूल केलं होतं. एवढंच नव्हे, आईवडील आले की त्यांना समुद्रकाठाने फिरवायचं, हेही ठरवून झालं होतं. पोराचं तोंड एवढंसं झालं. मला त्याची कीव आली, आणि खोटं कशाला बोलू, त्या लाल गाडीची जिरली म्हणून थोडा आनंदही झाला.

संध्याकाळी अंगणात जेवताना त्याने हे अप्पांना सांगितलं. अप्पांचा घास हातातच राहिला.

‘‘म्हंजी माल दिसायच्या आधीच आडत?’’ ते म्हणाले. ‘‘आमच्या यार्डात असं केलं तर शेतकरी काटाच डोक्यात घालतील.’’

पण लिलाव म्हटल्यावर अप्पांच्यातला आडत्या जागा झाला. सौदा सकाळी निघतो की दुपारी? बोली उघड लावतात की झाकून? मागल्या खेपेला कितीला गेला? महांतेश दमला, यासेर दमला, अप्पा दमले नाहीत. पुढे पुढे तर दुकानातून घरी आले की चपला काढता काढता सांगायचे, ‘‘तूर पडली, सिंगापूर चढलं.’’ यार्डातल्या हमालांनाही म्हणे तिथला भाव पाठ झाला होता.

शेवटी निकाल लावला तो अंजूने. ती शाळेत गणित शिकवायची. तिने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, ‘‘तिथं गाडी न्हाई घेतली, तर त्याच पैशात आपण वर्षातून दोनदा घरी येऊ शकतो. मला लाल गाडी नको. मला लातूर पायजे.’’

मला अंजू तेव्हापासून फार आवडते. पण आनंदात मी एक गोष्ट विसरले. तिकडच्या गाडीचा हिशेब झाला, म्हणजे आता इकडच्या गाडीचा होणार होता.

‘‘हिला पुढच्या साली पंधरा वर्षं होतील,’’ महांतेश माझ्याकडे बघून म्हणाला. ‘‘फेरपासिंग आलं, पर्यावरण कर आला, इमा हायेच. आन् चालवणार कोण? अप्पांना डोळ्यांनी धड दिसत न्हाई. उभी राहून सडल. त्यापेक्षा इकून टाकू.’’

हिशेबात चूक नव्हती. म्हणूनच मला जास्त वाईट वाटलं.

‘‘मग मी सिंधुकडं कशी जाऊ?’’ नीलम्माने विचारलं.

‘‘बसनं जा की, अव्वा. दर घंट्याला बस हाय.’’

‘‘मी जाईन बसनं. पर तिला घिऊन कशी येऊ?’’

नीलम्माने ताटं उचलली आणि आत गेली. भांडी जरा जास्तच आपटत होती.

आता तुम्हाला एक गुपित सांगते. ते तेव्हा फक्त दोघींना माहीत होतं. एक मी आणि दुसरी गौसिया. माझी दुरुस्ती करणाऱ्या खाजामियाँची ही मुलगी. बायकांना गाडी शिकवायचा तिचा क्लास आहे आणि त्यासाठी तिची स्वतःची गाडी आहे. सिंगापूरचं बोलणं सुरू झालं त्याच आठवड्यात नीलम्माने तिला गाठलं होतं. घरी सांगायची, ‘‘मठात वचनांचा पाठ हाय.’’ मठ उजवीकडे होता आणि ती वळायची डावीकडे.

दुपारी घर झोपलं की नीलम्मा हळूच माझं दार उघडायची. किल्ली लावायची नाही. नुसती बसायची, चपला काढून क्लचवर पाय ठेवायची आणि गिअर टाकायची. पहिला, दुसरा, तिसरा. तोंडाने इंजिनाचा आवाजसुद्धा काढायची! इरकल लुगड्याचा पदर खोचून, कपाळाला विभूती लावून ती ‘भुर्रर्र’ म्हणायची तेव्हा मला हसू आवरायचं नाही. एकदा माझ्या दुरुस्तीचं बिल द्यायला आलेल्या गौसियाने तिला असं पकडलं.

‘‘काकू, क्लच धीरे छोडो,’’ ती खिडकीतून म्हणाली. ‘‘पोरगी सासरला पाठवतो ना, तसा. एकदम नक्को.’’

लर्निंग झालं, पक्की परीक्षाही झाली आणि नीलम्मा पास झाली. ‘‘आता तरी घरी सांगा,’’ गौसिया मागे लागली होती. नीलम्मा म्हणायची, ‘‘हसतील गं.’’ एवढी खमकी बाई, पण या एका गोष्टीला घाबरत होती. मी मनातल्या मनात ओरडायचे, अगं सांग, माझं गिऱ्हाईक येईल! पण माझं ओरडणं म्हणजे हॉर्न, आणि तो दाबल्याशिवाय वाजत नाही.

गिऱ्हाईक आलंच. साताऱ्याकडचे एक बँकेतले साहेब नांदेडला बदलून आले होते, त्यांना माझा फोटो पसंत पडला. महांतेशने त्यांना लातूरला यायची तारीख दिली. इथे त्याच्याकडून जी चूक झाली, ती लातूरच्या माणसाने करू नये. डोक्यात सिंगापूरला निघायच्या तारखा, त्यामुळे घरातलं कॅलेंडर त्याने बघितलंच नाही. त्याने साहेबांना येळवशीचा दिवस दिला.

येळवस म्हणजे वेळ अमावस्या. त्या दिवशी सगळं लातूर शेतात जेवायला जातं. ज्याला शेत नाही, त्याला दहा जणांचं बोलावणं असतं. बाजार बंद, हॉटेलं बंद, गंजगोलाईच्या पेठेत चिटपाखरू नाही. साहेब सकाळच्या बसने उतरले आणि चहासाठी अख्खं गाव फिरून आमच्या दारात आले.

‘‘गावात कर्फ्यू लागलाय का हो?’’ त्यांनी विचारलं.

तेव्हा माझ्या डिकीत ताकातल्या आंबिलीचा माठ, पालेभाज्या-शेंगांच्या भज्जीचं पातेलं आणि बाजरीच्या उंड्यांची टोपली चढत होती. सगळे चाकूरला सिंधुच्या शेतात निघालेले. अंजूने नवऱ्याकडे बघितलं. ‘‘अवो, येळवस इसरलात?’’

अप्पांनी कपाळावर हात मारून घेतला. ‘‘अजून इमानात बसला न्हाईस, आन् येळवस इसरलास?’’

साहेब बिचारे ओशाळले. चटकन सौदा करून जातो म्हणून त्यांनी विसाराचे पैसे काढले. अप्पा दोन पावलं मागे सरले. ‘‘आज बाजार बंद, साहेब. येळवशीला मी इसार घेत न्हाई. पर पाहुणा उपाशी बी जाऊ देत न्हाई. बसा गाडीत. सौद्याचं संध्याकाळी बघू.’’

अशा रीतीने माझं गिऱ्हाईक माझ्यातच बसून जेवायला निघालं. गौसिया तिच्या गाडीत आईला आणि लेकरांना घेऊन मागून आली. तिला दरवर्षीचं बोलावणं असतं.

शेतात सिंधुच्या नवऱ्याने, मलप्पाने, कडब्याची कोपी, म्हणजे छोटी खोप, उभी केली होती. आत पाच पांडव म्हणून चुन्याने रंगवलेले पाच दगड मांडलेले, वरून शाल. पूजा झाली, ‘ओलगे, ओलगे’ असा पुकारा करत रानात आंबील शिंपडली गेली आणि पंगत बसली. साहेबांनी आंबिलीचा पहिला पेला भीत भीत तोंडाला लावला. त्यानंतर त्यांनी मोजणं सोडून दिलं. महांतेश सगळ्यांना सिंगापूरचे कर समजावून सांगत होता.

मलप्पाने उंडा मोडत विचारलं, ‘‘तिथं बैलगाडीला बी हक्क लागतो का?’’

‘‘बैलच न्हाईत तिथं, काका.’’

‘‘मग कशाला चाललास बाबा?’’ मलप्पा म्हणाला आणि सगळी पंगत हसली.

जेवणं झाल्यावर लिंबाला बांधलेल्या झोक्यावर महांतेश चढला. लहानपणी मारायचा तशी वरून उडी मारली. पण लहानपणी त्याचं वजन एवढं नव्हतं. पाय मुरगळला आणि घोटा टम्म सुजला. हाड सलामत होतं, पण क्लच दाबणं शक्य नव्हतं.

ऊन कलायला लागलं होतं. साहेबांना चाकूरच्या स्टँडवरून नांदेडची बस धरायची होती. ते उठले, हात झटकले आणि माझ्याकडे आले. ‘‘मी चालवतो की. तेवढीच ट्रायल होईल. आवडली तर आजच घेऊन जातो, पैसे उद्या पाठवतो.’’

सगळ्यांना सुटल्यासारखं झालं. महांतेशने खिशातून किल्ली काढली आणि हात पुढे केला. माझ्या चारही चाकांतली हवा गेल्यासारखी झाली. एकदा हा माणूस मला घेऊन हमरस्त्याला लागला की संपलं.

‘‘किल्ली हिकडं दे.’’

नीलम्मा पदराला हात पुसत उभी होती. कुणाला काही कळेना.

‘‘तुला कशाला, अव्वा?’’

‘‘गाडी मी चालवते.’’

अप्पा काहीतरी बोलणार होते, पण गौसियाने लांबून हाळी दिली. ‘‘द्यो ना भय्या किल्ली! लायसन हाय उनके पास. मैंच शिकायी.’’

कुणीच हसलं नाही. नीलम्मा ज्या हसण्याला इतके दिवस भीत होती, ते आलंच नाही. सिंधु तेवढी तोंडावर पदर घेऊन रडायला लागली, आणि रडता रडता म्हणाली, ‘‘अक्का, खरंच?’’

‘‘रडतीस काय? चल, पुढं बस. चार दिस लातूरला ऱ्हा.’’

सिंधु पुढे बसली. मागे अप्पा, अंजू आणि साहेब. महांतेशला पाय लांब करून गौसियाच्या गाडीत घातलं. नीलम्माने चपला काढल्या, किल्ली फिरवली आणि मी पहिल्याच झटक्यात बंद पडले. चूक तिची नव्हती, आनंदाने माझंच भान सुटलं होतं. दुसऱ्यांदा मी श्वास धरला, तिने क्लच सोडला, आणि आम्ही निघालो.

काय सांगू त्या वाटेचं! काळ्या रानातली गाडीवाट, दोन्ही बाजूंना तूर, मध्ये शेळ्यांचा कळप. नीलम्माने हॉर्नवर हात ठेवला तो उचललाच नाही. मीही सारा जीव ओतून ओरडले. शेळ्या पांगल्या आणि मागून अप्पांचा आवाज आला, ‘‘हळू.’’ मग तोच आवाज पुन्हा, जरा नरमाईने, ‘‘बरी चालवतीस की गं.’’ आरशात मला नीलम्माचं तोंड दिसत होतं. नवरीसारखी लाजली होती.

चाकूरच्या स्टँडवर साहेब उतरले. अप्पाही उतरले, हात जोडून उभे राहिले. ‘‘पोरानं शब्द दिलाय, साहेब. इसार घेतला न्हाई, तरी शब्द तो शब्द. तुमी म्हणाल तसं.’’

मी आणि नीलम्मा दोघी समोर बघत राहिलो. तिचे हात स्टिअरिंगवर घट्ट आवळलेले मला जाणवत होते.

साहेबांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा तिच्याकडे. ‘‘काकू, आंबील एक नंबर झाली होती,’’ ते म्हणाले. ‘‘गाडी मी दुसरी बघतो.’’ आणि जरा घुटमळून म्हणाले, ‘‘आंबील थोडी बाटलीत मिळेल का?’’

अंजूने त्यांना बाटली काठोकाठ भरून दिली.

घरी आल्यावर महांतेश लंगडत माझ्यापाशी आला. नीलम्मा अजून आतच बसली होती. ‘‘अव्वा, मला सांगितलं न्हाईस?’’

‘‘तू इचारलास कधी?’’

तो दाराला टेकून उभा राहिला. त्याचे डोळे भरून आले होते. मग म्हणाला, ‘‘हिचं फेरपासिंग, कर, इमा, सगळं मी तिथून भरणार. तिथल्या कमानीखालून जायचे पैसे तसेबी वाचणारच हायेत.’’

गेली ती दोघं सिंगापूरला. तिथे पायी चालतात, जमिनीखालच्या रेल्वेने फिरतात. महांतेशचं पोट कमी झालंय म्हणे, म्हणजे गाडी नसण्याचाही काही फायदा असावा. माझंही पासिंग झालं. खाजामियाँनी खालून पत्रा मारून दिला, महांतेशने तिथून नवा कर भरला आणि मला आणखी पाच वर्षांचं आयुष्य मिळालं. वय विचाराल तर मी म्हातारी आहे, पण इतकी फिरले मी कधीच नव्हते. चाकूर तर सोडाच, नीलम्माने मला उदगीर दाखवलं, औसा दाखवलं. गेल्या महिन्यात आम्ही नांदेडला जाऊन आलो, तेव्हा रामलिंगांच्या जुन्या गल्लीवरून जाताना मी मुद्दाम जोरात गेले.

परवा महांतेश आणि अंजू सुट्टीला आले. सकाळी आम्ही लातूर स्टेशनवर त्यांना घ्यायला गेलो. महांतेशने बॅगा डिकीत टाकल्या आणि सवयीने माझं उजवं दार उघडलं. आत नीलम्मा बसलेली, चष्मा लावून.

‘‘मागं बस,’’ ती म्हणाली. ‘‘पुढं सिंधु बसती.’’

महांतेश मुकाट मागे बसला, गुडघे पोटाशी घेऊन, मांडीवर अंजूची बॅग. एवढं मोठं होऊन परदेशात नोकरी करणारं लेकरू, पण मागच्या सीटवर बसून आईच्या पाठीकडे असं बघत होतं, की माझ्या काचांवर वाफ धरली.

माझी एवढीच विनंती आहे. तुमच्या दारात एखादी जुनी गाडी उभी असेल आणि तुम्ही तिचा हिशेब मांडायला बसला असाल, तर जरूर मांडा. कर धरा, विमा धरा, पेट्रोल धरा. पण ‘चालवणारं कुणी नाही’ असं म्हणण्याआधी घरातल्या सगळ्यांना एकदा विचारा. बरं, येते आता. रस्त्यात भेटलो तर जरा लांबून जा. आम्ही दोघी अजून रिव्हर्समध्ये कच्च्या आहोत.